रंगकामातील आच्छादन
घराच्या भिंती, छत, दारे, खिडक्या इत्यादींना रंग देताना ज्या भागांवर रंग लागू नये असे वाटते, ते भाग काही काळ झाकून ठेवण्याच्या क्रियेस आच्छादन असे म्हणतात. या कामासाठी चिकटपट्टी, कागद, प्लॅस्टिकचे ताव व जाड कापड हे साहित्य मुख्यत्वे वापरतात. रंगकाम सुरू करण्यापूर्वी लागणाऱ्या रंगलेपाचा हिशेब बहुतेक लोक करतात. भिंतींचे क्षेत्रफळ काढून त्यास रंगलेपाच्या व्याप्तीने भागले व थरांच्या संख्येने गुणले की तो हिशेब पुरा होतो. आच्छादनाच्या साहित्याचा अंदाज मात्र बहुधा नुसत्या नजरेने केला जातो. त्यामुळे काम अर्ध्यावर असताना चिकटपट्टी संपणे, उरलेली कड उघडी ठेवून रंग देणे आणि मग सागवानी चौकटीवरील किंवा फरशीवरील डाग खरवडत बसणे, असे प्रकार घडतात. न चकाकविलेल्या शहाबादी फरशीसारख्या सच्छिद्र दगडात रंग मुरला, तर तो पूर्णपणे निघत नाही. वास्तविक हा अंदाजही रंगाच्या हिशेबाइतकाच सोपा असून त्यासाठी मोजपट्टी व कागद-पेन्सिल यांखेरीज काही लागत नाही.

इतिहास : रंगकामात जुने कापड, गोणपाट व रद्दी कागद पसरण्याची पद्धत फार जुनी आहे, परंतु दोन रंगांमधील रेषा सरळ व स्वच्छ ठेवण्याचा प्रश्न त्याने सुटत नव्हता. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत दुरंगी मोटारगाड्या लोकप्रिय झाल्या. त्या रंगविताना कामगार गाडीच्या भागांवर कागद डिंकाने चिकटवीत व तो काढताना नव्याने दिलेला रंगही पुष्कळदा निघून येई. सँडपेपर तयार करणाऱ्या ‘मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग’ या कंपनीतील रिचर्ड ड्रू (१८९९–१९८०) या तरुण तंत्रज्ञाने कारखान्यांतील ही अडचण पाहिली आणि सुमारे दोन वर्षांच्या प्रयोगांनंतर, १९२५ मध्ये, सुरकुत्या पाडलेल्या कागदावर दाबसंवेदी आसंजकाचा लेप देऊन सहज निघणारी चिकटपट्टी तयार केली. ‘मास्किंग टेप’ या नावाने आज सर्वत्र मिळणारी पट्टी ती हीच होय. १९३० मध्ये ड्रू यांनीच सेलोफेनची पारदर्शक चिकटपट्टी प्रचारात आणली. या कंपनीने २००२ मध्ये ‘थ्रीएम’ हे नाव अधिकृतपणे धारण केले. मोटारींसाठी निघालेली ही पट्टी पुढे घरांच्या रंगकामातही रूढ झाली.

साहित्य : (१) चिकटपट्टी : हिचा पाया सुरकुत्यांच्या कागदाचा असतो. सुरकुत्यांमुळे ती थोडी ताणता येते व किंचित वक्र कडेवरही बसते. आसंजक नुसत्या दाबाने चिकटते व ओढल्यावर पृष्ठभागावर न राहता पट्टीबरोबर निघून येते. मात्र हा गुण मर्यादित काळ टिकतो. साधी पिवळट पट्टी एक-दोन दिवसांहून अधिक काळ, विशेषतः उन्हात, राहिली तर आसंजक काचेवर किंवा लाकडावर चिकटून राहते. अनेक दिवस ठेवता येईल अशी, बहुधा निळ्या रंगाची, पट्टी मिळते. ती अधिक महाग असते. नाजूक पृष्ठभागांसाठी कमी चिकट प्रकारही मिळतो. पट्टीची रुंदी सामान्यतः १२ ते ४८ मिमी. असते व घरगुती कामास २४ मिमी. पट्टी पुरेशी होते. गुंडाळीतील लांबी उत्पादकागणिक बदलते. म्हणून गुंडाळ्यांची संख्या ठरविण्यापूर्वी वेष्टनावर छापलेली लांबी वाचणे आवश्यक असते.

(२) कागद : वर्तमानपत्राची रद्दी सर्वांत स्वस्त पडते, परंतु तिच्यातून पातळ रंग झिरपतो आणि ओल्या कागदाची शाई फिकट पृष्ठभागावर उमटते. वेष्टनासाठी वापरला जाणारा जाड तपकिरी कागद या दृष्टीने अधिक चांगला असतो.

(३) प्लॅस्टिकचे ताव : हे पॉलिएथिलिनाचे असतात. दारे, खिडक्या, कपाटे यांवर सोडण्यास अतिशय पातळ ताव चालतो. जमिनीवर मात्र तो पायाखाली फाटतो. तेथे १०० मायक्रॉन किंवा त्याहून अधिक जाडीचा ताव लागतो. प्लॅस्टिकवर सांडलेला रंग मुरत नाही, तो ओलाच राहतो व पायांना लागून घरभर पसरतो. शिवाय गुळगुळीत फरशीवर ताव सरकत असल्याने त्यावर शिडी उभी करणे धोक्याचे असते.

(४) कापड : जाड सुती कापड रंगाचे थेंब शोषून घेते, सरकत नाही व पुन्हा वापरता येते. घरोघरी याकरिता जुन्या चादरी वापरतात. जुने पातळ लुगडे वापरल्यास त्यातून रंग खाली उतरतो. म्हणून ते दुहेरी, चौपदरी करून अंथरावे लागते किंवा त्याखाली प्लॅस्टिक घालावे लागते.

अंदाजाची तत्त्वे : रंगलेप क्षेत्रफळावर खर्च होतो, तर चिकटपट्टी कडांच्या लांबीवर खर्च होते. जमीन झाकणारे ताव पुन्हा क्षेत्रफळावर अवलंबून असतात. खोलीची लांबी व रुंदी दुप्पट केली, तर चिकटपट्टी सुमारे दुप्पट लागते. जमिनीचे आच्छादन मात्र चौपट लागते. याउलट लहान स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर यांत रंग थोडा लागत असला, तरी कडा, नळ, फडताळे व लाद्या यांमुळे चिकटपट्टी तुलनेने पुष्कळ लागते. रंगाच्या डब्यांच्या प्रमाणात चिकटपट्टी घेण्याची पद्धत म्हणूनच फसवी ठरते.

कडांचे दोन वर्ग करणे सोयीचे असते. रंग जेथे थांबावयाचा त्या रेषेवर लावलेल्या पट्टीस सीमापट्टी आणि ताव किंवा कागद जागी धरून ठेवणाऱ्या पट्टीस बांधणीपट्टी म्हणता येईल. सीमापट्टी चांगल्या प्रतीची असावी लागते. बांधणीपट्टी साधी चालते. अंदाज चुकण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे केवळ सीमापट्टी मोजणे व बांधणीपट्टी विसरणे हे होय.

मोजण्यापूर्वी कामाचा क्रम ठरवावा लागतो. रंगकाम वरून खाली करतात : प्रथम छत, नंतर भिंती व शेवटी लाकूडकाम. छत रंगविताना भिंतीची वरची कड झाकण्याची गरज नसते, कारण भिंतीवर नंतर रंग बसणारच असतो. भिंतींचा रंग वेगळा असेल तरच, छत पुरेसे वाळल्यावर, त्याच्या कडेस पट्टी लावावी लागते. जो भाग पुढे रंगविला जाणार आहे तो झाकू नये, एवढा एक नियम पाळला तरी बरीच बचत होते. सरावलेला रंगारी अशी कड कुंचल्याने मोकळ्या हाताने साधतो व त्याला सीमापट्टी अगदी थोडी लागते. नवख्या माणसाने मात्र ती पूर्ण धरावी.

उदाहरण : ४ मी. लांब व ३ मी. रुंद अशा एका खोलीच्या भिंती रंगवावयाच्या आहेत व छताचा रंग वेगळा आहे, असे समजू. खोलीस चौकटीसह १ मी. रुंद व २·१ मी. उंच असे एक दार, १·५ मी. × १·२ मी. मापाची एक खिडकी, भिंतींच्या तळाशी १० सेंमी. उंचीची लाद्यांची पट्टी आणि २५ सेंमी. × २० सेंमी. मापाचे दोन विजेचे फलक आहेत. खोलीची परिमिती १४ मी. भरते.

सीमापट्टी पुढीलप्रमाणे लागेल : छताची कड १४ मी.; तळपट्टीची वरची कड, दाराची रुंदी वगळून, १३ मी.; दाराच्या चौकटीच्या दोन उभ्या व एक आडवी बाजू मिळून ५·२ मी.; खिडकीच्या चारी बाजू ५·४ मी.; दोन फलकांभोवती १·८ मी. यांची बेरीज ३९·४ मी. होते.

बांधणीपट्टी अशी लागेल : जमिनीवरील तावाची कड तळपट्टीस चिकटविण्यास १३ मी.; दारावरील तावास ५·२ मी.; खिडकीवरील तावास ५·४ मी.; जमिनीवरील दोन तावांच्या जोडास ४·२ मी. यांची बेरीज २७·८ मी. होते. दोन्ही मिळून ६७·२ मी. पट्टी लागेल. कोपऱ्यांवरील चढ, फाटलेले तुकडे व पुन्हा लावावी लागणारी पट्टी यांसाठी शेकडा १० वाढ धरल्यास ही लांबी सु. ७४ मी. होते. गुंडाळी २० मी. लांबीची असल्यास चार गुंडाळ्या घ्याव्या लागतील. केवळ सीमापट्टी मोजून दोन गुंडाळ्या आणणाऱ्याचे काम निम्म्यावर थांबेल, हे यावरून दिसून येईल.

तावांच्या बाबतीत नुसते क्षेत्रफळ काढून भागत नाही. तावाची रुंदी व तो अंथरण्याची दिशा यांचाही विचार करावा लागतो. वरील खोलीत ताव सर्व बाजूंनी तळपट्टीवर १० सेंमी. चढवावयाचा असल्याने झाकावयाचे माप ४·२ मी. × ३·२ मी., म्हणजे सु. १३·४ चौ. मी. होते. ताव २ मी. रुंदीचा असेल व जोडावर किमान १५ सेंमी. चढ ठेवावयाचा असेल, तर लांबीच्या दिशेने अंथरल्यास ४·२ मी. लांबीचे दोन पट्टे, म्हणजे ८·४ मी. ताव पुरतो. रुंदीच्या दिशेने अंथरल्यास दोन पट्टे अपुरे पडतात व ३·२ मी. लांबीचे तीन पट्टे, म्हणजे ९·६ मी. ताव लागतो, जोडही दोन येतात. पहिल्या पद्धतीत उरणारी सु. ६५ सेंमी. रुंदी वाया जात नाही; जोडावरील चढ तेवढा वाढवून चालण्याच्या वाटेवर दुपदरी आच्छादन करता येते.

दारासाठी २·१ मी. व खिडकीसाठी १·२ मी. ताव कापावा लागेल. खोलीच्या मध्यभागी सरकवून ठेवलेला २ मी. × १·५ मी. मापाचा पलंग व त्यावरील सामान मिळून ९० सेंमी. उंचीचा ढीग होत असेल, तर तो जमिनीपर्यंत झाकण्यास ३·८ मी. × ३·३ मी. मापाचे आच्छादन हवे. त्यासाठी ३·८ मी. लांबीचे दोन पट्टे, म्हणजे ७·६ मी. ताव लागेल. एकूण लांबी १९·३ मी. व शेकडा १० वाढ धरून सु. २१ मी. होते. यांपैकी जमिनीचा भाग जाड व उरलेला पातळ प्लॅस्टिकचा घेतल्यास खर्च कमी होतो.

काम किती दिवस चालणार याचाही परिणाम मोठा होतो. दोन थरांत दोन-तीन दिवसांचे अंतर पडणार असेल, तर साधी सीमापट्टी मधे काढून पुन्हा लावावी लागते. वरील उदाहरणात सीमापट्टी दुप्पट, म्हणजे ७८·८ मी. होऊन वाढीसह एकूण सु. ११७ मी. पट्टी, म्हणजे २० मी. लांबीच्या सहा गुंडाळ्या लागतील. त्याऐवजी अनेक दिवस टिकणारी सीमापट्टी घेतल्यास तिच्या तीन व साध्या बांधणीपट्टीच्या दोन गुंडाळ्या पुरतात. कोणता पर्याय स्वस्त, हे दोन्ही पट्ट्यांच्या किंमतींवरून ठरविता येते; मात्र पट्टी पुन्हा लावण्याचे श्रमही हिशेबात धरावेत.

रंगवावयाचा पृष्ठभाग बदलला की मोजावयाच्या रेषाही बदलतात. भिंतीसाठी खिडकीची केवळ बाहेरील कड मोजली. परंतु खिडकीचे लाकूडच रंगवावयाचे असेल, तर प्रत्येक काचेची कड स्वतंत्रपणे मोजावी लागते. वरील खिडकीत ६० सेंमी. × ५० सेंमी. मापाच्या चार काचा असल्यास केवळ त्यांच्यासाठी ८·८ मी. पट्टी लागेल. अशा वेळी काचेवर रंग लागू देऊन तो वाळल्यावर पात्याने खरवडणे अनेक रंगारी पसंत करतात.

रंग देण्याची पद्धत : कुंचल्याने काम करताना रंग मुख्यतः खाली ठिबकतो, त्यामुळे जमीन व कडा झाकल्या की पुरते. रूळ फिरविताना सूक्ष्म थेंब उडतात. म्हणून चौकटी, फलक व जवळच्या वस्तू यांवर पट्टीबरोबरच कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा रुंद पट्टा लावावा लागतो. फवारणीत रंगाचे तुषार हवेत तरंगत खोलीभर पसरतात. तेथे रंगवावयाचा नाही असा प्रत्येक भाग पूर्णपणे झाकणे भाग पडते व पंखा, दिवे, गज, शेजारच्या खोलीचे दार यांचाही अंदाजात समावेश करावा लागतो. फवारणीने रंग देण्याचा वेळ वाचतो, पण त्यातील बराचसा आच्छादनात खर्च होतो.

पृष्ठभागाची परीक्षा : चुन्याच्या किंवा भुकटी सुटणाऱ्या डिस्टेंपरच्या भिंतीवर चिकटपट्टी टिकत नाही; आसंजकास भुकटी चिकटून पट्टी गळून पडते. साहित्य घेण्यापूर्वी पट्टीचा सु. १० सेंमी. लांबीचा तुकडा दाबून बसवावा व काही वेळाने ओढून पाहावा. त्यावर पांढरी भुकटी आली तर भिंत घासून, पुसून व अस्तर देऊन घेतल्याशिवाय पट्टी लावण्यात अर्थ नसतो. रंगाचे पापुद्रे निघून आले तर कमी चिकट पट्टी निवडावी. महाराष्ट्रात दिवाळीपूर्वी घरे रंगविण्याची प्रथा आहे. पावसाळा नुकताच संपलेला असल्याने भिंतींत ओल असते व ओलसर पृष्ठभागावर पट्टी बसत नाही. त्यामुळे भिंती सुकेपर्यंत थांबणे इष्ट असते. नव्याने रंगविलेल्या छतावर पट्टी लावावयाची असल्यास निदान एक दिवस जाऊ द्यावा.

लावणे व काढणे : पट्टी न ताणता, लहान लहान टप्प्यांत लावून तिची रंगाकडील कड बोटाने किंवा बोथट पात्याने घट्ट दाबतात. ताणून लावलेली पट्टी नंतर आखडते व कडेखाली रंग शिरतो. शेवटचा थर पुरता कडक होण्यापूर्वीच पट्टी तिरकस दिशेने, सावकाश ओढून काढावी. रंग वाळून पट्टीशी एकजीव झाला असेल, तर कडेने धारदार पाते फिरवून मगच ती काढावी. अन्यथा रंगाचा पापुद्रा तिच्याबरोबर निघतो.

जुना रंग व शिसे : आच्छादनाचा उद्देश केवळ डाग टाळणे हा नसतो. जुन्या तैलरंगांत शिशाची संयुगे वापरली जात. असा रंग खरवडताना किंवा घासताना निघणारी धूळ श्वासातून व हातांवाटे पोटात जाते. शिशामुळे लहान मुलांच्या मेंदूची व मज्जासंस्थेची हानी होते. त्याचे कोणतेही प्रमाण मुलांसाठी निर्धोक मानले जात नाही. घरगुती व सजावटीच्या रंगलेपांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम भारतात २०१६ मध्ये करण्यात आला व तो नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आला. त्यापूर्वी रंगविलेल्या दारे-खिडक्यांवरील रंगाच्या थरांत शिसे असण्याची शक्यता लक्षात घ्यावी लागते.

अशा ठिकाणी आच्छादनाचा अंदाज वाढवावा लागतो. अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या घरांसाठी २००८ मध्ये करण्यात आलेल्या नियमांनुसार, घराच्या आत ज्या भागावरील रंग काढावयाचा त्याच्या पलीकडे सर्व बाजूंनी किमान ६ फूट (सु. १·८ मी.) जमीन प्लॅस्टिकने झाकावी लागते. खोलीच्या दारावर प्लॅस्टिकचा पडदा, जमिनीवरील तावांचे सर्व जोड चिकटपट्टीने बंद करणे व काम संपल्यावर ताव आतल्या बाजूस दुमडून पिशवीत बांधणे यांसाठी लागणारे साहित्य वेगळे धरावे. रंग कोरडा घासण्याऐवजी ओला करून घासावा, केरसुणीने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे आणि काम चालू असताना मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. अशा कामात वापरलेले ताव व कापड घरातील अन्य कामासाठी पुन्हा वापरू नये.

साठवण : उरलेल्या गुंडाळ्या उष्णता व धूळ यांपासून दूर, पिशवीत आडव्या ठेवतात. कडेस धूळ चिकटलेल्या गुंडाळीने सरळ रेषा येत नाही. जुनी झालेली पट्टी सोडविताना फाटते. म्हणून पुढील वर्षासाठी अधिक साठा करण्यापेक्षा मोजून तेवढीच घेणे चांगले. वापरलेले सुती कापड धुऊन व वाळवून पुन्हा उपयोगात आणता येते. मात्र जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेण्याचा धोका असल्याने त्या मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्या लागतात.